स्कायरिम दुसऱ्यांदा खेळताना : स्वतःवर घालायचे नियम आणि ते कुठे फसतात

कोरा_कागद

स्कायरिम हा व्हिडिओ गेम ११ नोव्हेंबर २०११ ला आला, आणि अजूनही लोक नवं कॅरेक्टर काढून हेल्गेनच्या गाडीत (गेमची सुरुवात तिथून होते) बसतात. पण दुसऱ्या खेपेला वेगळं काही करायचं ठरवलं तरी विसाव्या लेव्हलपर्यंत बहुतेक जण त्याच जागी पोचतात : अंधारात दबा धरून बाण मारणारा. याचं कारण गणितात आहे. लपून मारलेल्या बाणाला मुळातच दुप्पट डॅमेज (इजा) मिळतं, आणि स्नीक म्हणजे लपण्याचं कौशल्य ४० ला पोचल्यावर डेडली एम हा पर्क (जादा क्षमता) घेतला की तिप्पट. शत्रू थोडा वेळ इकडे-तिकडे शोधतो आणि परत आपल्या जागी जाऊन उभा राहतो. म्हणजे फायदा तिप्पट आणि धोका जवळजवळ नाहीच. असा रस्ता उघडा असताना 'यावेळी तलवारच वापरेन' हे मनात ठरवून भागत नाही. नियम पहिल्या सेव्हच्या आधी लिहून काढावे लागतात.

माझ्या मते नियमाची परीक्षा एकच : त्याने खेळताना घ्यावे लागणारे निर्णय वाढतात का? नुसती मारामारी लांबत असेल तर तो नियम टाकून द्यावा.

फास्ट ट्रॅव्हल (नकाशावर जागा निवडून थेट तिथे पोचणं) बंद करणं हे याचं चांगलं उदाहरण. पाचही मोठ्या शहरांच्या तबेल्यांपाशी घोडागाडी मिळते, मोठ्या शहराला २० आणि लहान गावाला ५० सोन्याची नाणी. गाडी चालू ठेवायची, नकाशावरून उडी बंद. लगेच प्रश्न उभे राहतात : ही जड कवचं तीन गावं लांबच्या लोहारापर्यंत वाहून न्यायची की इथेच टाकायची? परतीच्या वाटेवर रात्र कुठे काढायची? दोन कामं एकाच दिशेची आहेत का? पहिल्या खेळात हे प्रश्न पडतच नाहीत.

पण या नियमाला एक भोक आहे, आणि ते म्हणजे 'वेट', म्हणजे उभ्या जागी गेममधले तास पुढे ढकलणं. एक तास वेट केलं की आरोग्य, मॅजिका (जादूची शक्ती) आणि स्टॅमिना (दम) तिन्ही भरून येतात, तेही गुहेच्या तोंडाशी, रक्तबंबाळ अवस्थेत. शिवाय दुकानदाराचे पैसे ४८ तासांनी नव्याने भरतात, त्यामुळे वेट म्हणजे फुकटचं सोनंही. तेव्हा फास्ट ट्रॅव्हल बंद करणार असाल तर वेटही बंद करा. वेळ घालवायचा तर बेडवर झोपूनच.

माझा पाया एवढाच : फास्ट ट्रॅव्हल नाही, वेट नाही, एक्स्पर्ट डिफिकल्टी (कठीणपणाची पातळी), आणि लढाई चालू असताना इन्व्हेंटरी (सामानाचा मेनू) उघडायची नाही. या शेवटच्या नियमाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण चारांत तोच सगळ्यात जास्त फरक पाडतो. मेनू उघडला की काळ थांबतो आणि माणूस एका दमात वीस पोशन आणि तीस कोबी संपवतो. पीसीवर १ ते ८ या हॉटकी थांबा न घेता चालतात. आठ जागा, त्यात शस्त्र, जादू आणि पोशन सगळं बसवायचं. जे बसलं नाही ते त्या लढाईपुरतं तुमच्याकडे नाही. गुहेत शिरण्याआधी तयारी करणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

तुमचे नियम लिहा. नियम काय एवढंच नको, त्यातली पळवाट कुठे आणि ती कशी बुजवायची तेही लिहा.

उलटतपासणी

चांगला धागा. एक्स्पर्टवर थांबलात ते बरं केलंत. 'चॅलेंज' म्हटलं की लोक थेट लेजेंडरी लावतात आणि दहा तासांत कंटाळतात. आकडे पाहा :

अडेप्टला (गेमची मूळ पातळी) तुमचं डॅमेज १ पट, शत्रूचं १ पट.
एक्स्पर्टला तुमचं ०.७५, शत्रूचं १.५.
मास्टरला ०.५ आणि २.
लेजेंडरीला ०.२५ आणि ३.

म्हणजे अडेप्टला चार घावांत पडणारा दरोडेखोर लेजेंडरीला सोळा घावांत पडतो. हे सोळा घाव मारताना नवीन काहीच ठरवायचं नसतं. दुसरी गोष्ट, हा गुणक तुम्ही स्वतः केलेल्या डॅमेजला लागतो. साथीदार आणि जादूने बोलावलेले अ‍ॅट्रोनाक यांच्या डॅमेजला तो लागत नाही. त्यामुळे लेजेंडरीवर तलवार निकामी होते, आणि मागे उभं राहून दुसऱ्यांना लढवणं हाच शहाणपणा ठरतो. सगळ्यात कठीण पातळी अशी एकाच खेळपद्धतीकडे ढकलत असेल, तर विविधतेसाठी पुन्हा खेळणाऱ्याच्या ती काय कामाची?

लेजेंडरी हवीच असेल तर सोबत नियम घ्या : साथीदार नाही, कॉन्ज्युरेशन (लढायला प्राणी बोलावण्याची जादू) नाही. मग विष, लकवा, सापळे, तेलावर आग अशा गोष्टींना किंमत येते. ती खरी कठीण लढाई.

रेशीमकिडा

डिफिकल्टीच्या आधी क्राफ्टिंगचा बंदोबस्त करा, नाहीतर वरचं सगळं पाण्यात. चक्र सगळ्यांना ठाऊक आहे, तरी नेमकं लिहिते, कारण नियम नेमका कुठे लावायचा ते त्यावर ठरतं.

अल्केमी (पोशन म्हणजे औषधं बनवणं) वाढवणाऱ्या चार वस्तू अंगावर चढवता येतात : शिरस्त्राण, हातमोजे, अंगठी, हार. त्या घालून एन्चांटिंग (वस्तूंवर जादू चढवणं) वाढवणारं पोशन बनवायचं. ते पिऊन पुन्हा त्याच चार वस्तू अधिक ताकदीच्या करायच्या. असे दोन-तीन फेरे, आणि शेवटी स्मिदिंगचं (लोहारकामाचं) पोशन. त्यानंतर कवच आकड्यांच्या मर्यादेला टेकतं. ती मर्यादा म्हणजे ८० टक्के शारीरिक डॅमेज कमी. चार तुकड्यांच्या कवचावर ५६७ रेटिंग दिसलं की ती गाठली जाते, ढाल असेल तर ५४२ लाच. यापुढे कुठलंही डिफिकल्टी सेटिंग फारसं जाणवत नाही.

'क्राफ्टिंग अजिबात नाही' हा सोपा उपाय आहे, पण तो मला जरा आळशी वाटतो. सापडलेली औषधी वनस्पती, चामडं, खनिज या सगळ्याचं मोलच जातं आणि जग रिकामं वाटायला लागतं. त्याऐवजी : अल्केमी, एन्चांटिंग, स्मिदिंग या तीनपैकी एकच कला. लोहार असाल तर एन्चांटिंगच्या टेबलाला हात नाही आणि पोशन फक्त सापडलेलं किंवा विकत घेतलेलं. चक्राला तिन्ही टोकं लागतात, त्यामुळे एक ठेवलं की ते आपोआप तुटतं. आणि खजिन्यात मिळालेल्या जादुई वस्तू पुन्हा मौल्यवान होतात.

फोर्टिफाय रिस्टोरेशनचं पोशन पिऊन अंगावरच्या वस्तू काढून परत घालून त्यांची ताकद फुगवण्याची युक्ती यात धरलेलीच नाही. ती चूक गेमची आहे, तिला नियमाचा मान देऊ नये.

दोन लहान भोकं राहतात. हॉल्टेड स्ट्रीम कॅम्पात मिळणारी ट्रान्सम्यूट जादू लोखंडाची चांदी आणि चांदीचं सोनं करते. स्मिदिंगचा अनुभव नंतरच्या पॅचपासून वस्तूच्या किमतीवर ठरतो, त्यामुळे सोन्याच्या अंगठ्या घडवत बसलं की स्किल झरझर चढतं. लोहार होणार असाल तर ही जादू बाद. दुसरं, डॉनस्टारजवळ जमिनीत दडलेली व्यापाऱ्यांची पेटी. ती उघडायची नाही, बस.

नवशिका_ड्रॅगनबॉर्न

एकदा मुख्य कथा संपवली आहे, आता दुसऱ्यांदा सुरू करतोय. वरचं सगळं एकदम घेतलं तर झेपेल असं वाटत नाही. आधी एकच नियम घ्यायचा तर कोणता?

कोरा_कागद

@नवशिका_ड्रॅगनबॉर्न, फास्ट ट्रॅव्हल आणि वेट बंद, ही एकच जोडी घ्या. डिफिकल्टी अडेप्टच राहू द्या. पहिल्या पाच-सहा लेव्हल रिव्हरवुड, व्हाइटरन आणि मधल्या परिसरातच राहा, म्हणजे चालणं अंगावर येणार नाही. सवय झाली की 'लढाईत मेनू नाही' जोडा.

एक अट मात्र : नियम मध्येच सैल करायचा असेल तर शहरात, शांतपणे ठरवून करा. अडचणीत सापडल्यावर त्याच क्षणी नाही.

चकवा

क्वेस्ट मार्करबद्दल (कामाची दिशा दाखवणारा बाण) कोणीच बोललं नाही. माझ्या लेखी तोच पहिला नियम असायला हवा. कंपासवरचा बाण बघत चालणारा माणूस रस्त्यावरच्या पाट्या वाचत नाही, आणि या गेममध्ये चौकाचौकात पाट्या आहेत.

जर्नलमध्ये जाऊन सगळी कामं निष्क्रिय केली की बाण गायब होतात. एचयूडीची (पडद्यावर दिसणाऱ्या माहितीची) अपारदर्शकता सेटिंगमधून शून्यापर्यंत खाली आणता येते, मग कंपासही दिसत नाही.

उलटतपासणी

@चकवा, तत्त्व मान्य, पण या गेमची बांधणी मार्कर गृहीत धरून केलेली आहे. जर्नलमधली नोंद बहुतेक वेळा एका ओळीची, 'अमुक वस्तू आणा' एवढीच. कोणत्या दिशेला, कोणत्या डोंगरापलीकडे, काही नाही. संवादातही पत्ता नसतो. त्यामुळे मार्कर बंद केला की कोडं सोडवल्याचा आनंद मिळत नाही, नुसतं भटकणं होतं. कोरा_कागद यांच्या कसोटीला लावा : कोणते निर्णय वाढले?

चकवा

याचं उत्तर गेमच्या आतच आहे : क्लेअरव्हॉयन्स. इल्यूजन या जादूच्या शाखेची नवशिक्या पातळीची जादू, जमिनीवर लक्ष्याकडे जाणारी धुरकट रेघ दाखवते. ती सक्रिय कामाच्या दिशेने चालते. म्हणून पद्धत अशी : काम सक्रिय करा, जादू करा, दिशा लक्षात ठेवा, काम परत निष्क्रिय करा. मॅजिका जाते, लढाईआधी मॅजिका वाचवायची की वाट बघायची हा निर्णय आला. योद्ध्यालाही थोडं इल्यूजन शिकण्याचं कारण मिळतं.

खानावळीतल्या इनामाच्या पत्रात ठिकाणाचं नाव असतं आणि पत्र घेतलं की ती जागा नकाशावर उमटते. अशा कामांना मार्कर लागतच नाही, नकाशा उघडून चालत जा. खरा त्रास माणूस शोधण्याचा, कारण प्रत्येकाचं दिवसाचं वेळापत्रक आहे. दुकानदार दिवसा दुकानात असतो, संध्याकाळनंतर खानावळीत किंवा घरी. रात्री दुकानाला कुलूप बघून परत जायचं नाही, खानावळीत बघायचं. शोधायची व्यक्ती गावात फिरती असेल तेवढ्यापुरता मार्कर चालू करायला माझी हरकत नाही.

पायवाट

मेल्यावर सेव्ह पुसायचा, म्हणजे पर्माडेथ, या प्रकाराबद्दल थोडं सविस्तर लिहितो. यात नियमापेक्षा व्यवस्था महत्त्वाची असते आणि लोक तिथेच घसरतात.

सेव्हची पद्धत आधी. हाताने सेव्ह फक्त बेडवरून उठल्यावर, एकाच स्लॉटवर. एफ५ ला (झटपट सेव्हची कळ) हात नाही. ऑटोसेव्हमध्ये 'प्रवासात सेव्ह' एवढं चालू ठेवा, बाकीचे बंद. हा ऑटोसेव्ह मरणासाठी नाही, गेम क्रॅश झाला तर त्यासाठी. दाराआड नवी जागा लोड होताना गेम बंद पडणं हे स्कायरिममध्ये नवीन नाही, आणि चाळीस तासांचं कॅरेक्टर त्यापायी गमावणं अन्यायाचं आहे. सेव्हचा फोल्डर डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये असतो, त्याची अधूनमधून वेगळी प्रत काढून ठेवा. खडकात अडकलात तर कन्सोलमधून (आज्ञा लिहायची चौकट) टीसीएल, म्हणजे खडकातून आरपार जाऊ देणारी आज्ञा, लिहून बाहेर या, लगेच पुन्हा टीसीएल लिहून ते बंद करा, आणि जिथून अडकलात तिथेच उभे राहा. गेमने केलेली चूक दुरुस्त करायची, स्वतः केलेली नाही, अशी रेघ मारली की रात्री दोन वाजता वाद घालावा लागत नाही.

मरण कशाने येतं : सुरुवातीला तलवारीने कमी, जादूने जास्त. कवचाचं रेटिंग जादूला अडवत नाही. जड कवच घालून निर्धास्त फिरणारा नवव्या-दहाव्या लेव्हलला आइस स्पाइक ही बर्फाची जादू मारणाऱ्या नेक्रोमॅन्सरपुढे (प्रेतं उठवणारा जादूगार) आडवा होतो. त्यामुळे पर्माडेथमध्ये मॅजिक रेझिस्टन्स (जादूचं डॅमेज टक्क्यांनी कमी करणं) आधी, कवच मागाहून. ब्रेटन वंशाचे २५ टक्के, लॉर्ड स्टोन या वरदान देणाऱ्या शिळेचे २५, अल्टरेशन या जादूच्या शाखेतल्या तीन पर्कचे ३०. झाले ८०. रिफ्टनच्या मारा मंदिरातलं प्रेमकथांचं काम पूर्ण केलं की आणखी १५, पण मर्यादा ८५ ची असल्याने त्यातले ५ च कामाला येतात. म्हणून ब्रेटन असाल तर अल्टरेशनचा तिसरा पर्क वाचवता येतो : २५, २५, २० आणि १५ मिळून बरोबर ८५.

हे फारच सोपं वाटत असेल तर वरचा एक स्रोत नियमाने बंद करा. ब्रेटन नको, हे सगळ्यात सरळ.

दुसरा मारेकरी म्हणजे किलमूव्ह. शत्रूचा घाव जीव घेणारा ठरणार असेल तर गेम थेट मारण्याचं दृश्य सुरू करतो आणि मग पोशनची हॉटकी दाबून उपयोग नाही. म्हणून पोशन 'आरोग्य संपत आलं की' असं घेऊ नका. दोन हातांचं शस्त्र घेतलेला समोर असेल तर निम्म्यावरच घ्या. तिसरा, हाय ह्रोथगर या डोंगरावरच्या मठाच्या पायऱ्यांवरचा फ्रॉस्ट ट्रोल. त्याचं आरोग्य भराभर परत भरतं, त्यामुळे थांबून-थांबून मारणं निरर्थक. आगीला तो कच्चा आहे. सुरुवातीचीच फ्लेम्स जादू, आणि मॅजिकाची दोन पोशन्स हॉटकीवर. ती तयारी नसेल तर वर जाऊच नका, त्या वेळी कथेत कुठलीही घाई नसते.

रेशीमकिडा

@पायवाट, उत्तम. त्यात भाजीच्या सूपची भर घालते. व्हेजिटेबल सूप ७२० सेकंद दर सेकंदाला १ आरोग्य आणि १ स्टॅमिना देतं. पॉवर अटॅकला स्टॅमिना पुरेसा असावा लागत नाही, शून्यापेक्षा जास्त असला की झालं. त्यामुळे एक वाटी सूप पिऊन बारा मिनिटं सलग पॉवर अटॅक मारता येतात आणि शत्रू लडखडत राहतो. कोबी, बटाटा, टोमॅटो, लीक यांचं सूप, सामान प्रत्येक गावात. 'अन्न फक्त लढाईबाहेर' एवढ्याने हे थांबत नाही, कारण परिणाम आधीच चालू असतो. सूप नावाने बाद करावं लागतं.

चकवा

सर्व्हायव्हल मोड चालू केला तर यातले निम्मे नियम गेमच पाळायला लावतो ना? २०२१ च्या अपडेटपासून स्पेशल एडिशनवर तो फुकट आहे.

कोरा_कागद

हो, आणि ज्यांना स्वतःवर लक्ष ठेवायचा कंटाळा आहे त्यांनी तोच घ्यावा. फास्ट ट्रॅव्हल बंद, आरोग्य आपोआप भरत नाही, लेव्हल चढवायला झोपावं लागतं, बाण आणि लॉकपिक यांनाही वजन. थंडीने कमाल आरोग्य घटतं, भुकेने स्टॅमिना, थकव्याने मॅजिका. घोडागाडी चालू राहते.

पण त्यात उत्तरेकडच्या भागाचा भार फार वाढतो. विंटरहोल्ड, डॉनस्टार इकडे दर थोड्या अंतरावर शेकोटी शोधत राहावं लागतं. बर्फाळ पाण्यात पडलात तर काही सेकंदच हातात. ज्याला मोकळी भटकंती आवडते त्याला हे जाचतं, म्हणून हाताने घातलेले नियम मला अजूनही जवळचे. एक उसना मात्र घ्यावा : झोपल्याशिवाय लेव्हल नाही. लढाईच्या मध्यात लेव्हल चढवून आरोग्य पूर्ण भरून घेण्याची पळवाट त्याने बंद होते.

मुठी_आवळून

हत्याराशिवाय, फक्त ठोशांवर खेळण्याबद्दल. चांगला प्रकार आहे, पण तीन गोष्टी माहीत नसतील तर अर्ध्यात सुटतो.

ठोशांना स्किल नाही. कितीही मारा, अनुभव मिळत नाही. लेव्हल चढते ती हेवी आर्मर, रिस्टोरेशन, अल्टरेशन, बोलणं, कुलूपं यांतून. म्हणून लेव्हल हळू चढते, आणि शत्रूही तुमच्या लेव्हलप्रमाणे येत असल्याने हे तोट्याचं नाही.

ठोशाचं डॅमेज तीनच ठिकाणांहून वाढतं. खजीत वंशाची नखं. हेवी आर्मर ३० चा फिस्ट्स ऑफ स्टील पर्क, जो जड हातमोज्यांचं मूळ रेटिंग ठोशात मिळवतो. हातमोजे लोहाराकडे कितीही सुधारले तरी ठोसा वाढत नाही, मूळ आकडाच धरला जातो. तिसरं, एन्चांटमेंट, आणि ती फक्त रिफ्टनच्या रॅटवेमधल्या जियान द फिस्टच्या हातमोज्यांवर मिळते. ते मोजे विकू नका, एन्चांटिंग टेबलावर मोडा, म्हणजे तीच जादू स्वतःच्या मोज्यांवर आणि अंगठीवर घालता येते. रेशीमकिडा यांचा 'एकच कला' नियम घेतलात तर इथे एन्चांटिंगच घ्यावी लागते, दुसरा पर्याय नाही.

उडणाऱ्या ड्रॅगनला ठोसा लागत नाही. ड्रॅगनरेंड (ड्रॅगनला जमिनीवर उतरवणारी गर्जना) मिळेपर्यंत तो स्वतः उतरायची वाट बघावी लागते. यावर सोपा उपाय : मुख्य कथेत व्हाइटरनचा जादूगार फॅरेंगर याला ड्रॅगनस्टोन ही शिळा नेऊन देऊ नका. पश्चिमेच्या टेहळणी बुरुजावरची लढाई सुरू होईपर्यंत जगात ड्रॅगन फिरायला लागत नाहीत. ती लढाई हवी तितकी पुढे ढकलता येते.

नवशिका_ड्रॅगनबॉर्न

ड्रॅगन असे थांबवता येतात हे ठाऊक नव्हतं. मग कोणालाही न मारता, अहिंसक खेळ शक्य आहे का?

उलटतपासणी

बराचसा. इल्यूजनच्या 'काम' (Calm, शांत करणारी) या जादूने लेव्हल ९ पर्यंतचे शांत होतात, पॅसिफायने २० पर्यंतचे. माणसांसाठी किंड्रेड मेज, प्राण्यांसाठी अ‍ॅनिमेज हे पर्क मर्यादा वाढवतात. अडतं ते ड्रॉगरपाशी (थडग्यांतली चालती प्रेतं) : मृत, डीड्रा (दुसऱ्या लोकातले जीव) आणि यंत्रं यांच्यावर इल्यूजन ९० चा मास्टर ऑफ द माइंड घेईपर्यंत काहीच चालत नाही. तोवर प्राचीन थडग्यांत मफल (पावलांचा आवाज दाबणं) आणि इन्व्हिजिबिलिटी (अदृश्य होणं), किंवा रिस्टोरेशनची टर्न अनडेड, म्हणजे मृतांना पळवून लावणारी जादू.

नियम लिहिताना 'मी मारणार नाही' की 'माझ्यामुळे कोणी मरणार नाही' हे आधी ठरवा. पहिल्यात साथीदाराने मारलेलं चालतं, आणि मग तो अहिंसक खेळ न राहता नोकराकरवी मारामारी होते. माझा सल्ला : साथीदार नाही, फ्युरी जादूने शत्रूंना आपसांत लढवणं नाही. थीव्ज गिल्ड (चोरांची संघटना) या खेळाला छान बसतं, कारण कामावर रक्तपात त्यांनाच नको असतो. मुख्य कथेत ड्रॅगन आणि त्यांचा म्होरक्या अल्डुइन एवढा अपवाद यादीत सुरुवातीलाच लिहा.

पायवाट

@नवशिका_ड्रॅगनबॉर्न, अहिंसक खेळणार असाल तर ठिकाणांच्या लेव्हलकडे लक्ष द्या. बहुतेक गुहा-थडग्यांची लेव्हल तुम्ही पहिल्यांदा आत पाऊल टाकता तेव्हा ठरते आणि तशीच राहते. कमी लेव्हलला असताना वाटेतल्या गुहांमध्ये नुसतं डोकावून बाहेर या. पुढे तिथले दरोडेखोर 'काम' जादूच्या टप्प्यात राहतील. हेच लढवय्या खेळात करू नका, तिथे उलट सगळं मिळमिळीत होऊन बसतं.